होमचे तीन स्लॉट: माइनक्राफ्ट सर्व्हाइवल सर्व्हरवर /सेटहोम नीट वापरायची कशी

माइनक्राफ्टच्या सर्व्हाइवल सर्व्हरवर नवा आलेला खेळाडू पहिल्या तासाभरात चॅटमध्ये हमखास विचारतो, "घरी परत कसं जायचं?" उत्तर येतं: आधी /सेटहोम (उभे आहात ती जागा सेव्ह होते), मग /होम (तिथे परत नेतं). एवढ्यावर लोक महिनोन्महिने खेळतात आणि त्यात चुकीचं काही नाही. पण बहुतेक सर्व्हरवर होम मोजकेच मिळतात. ते कुठे खर्च करायचे, नेमकं कुठे उभं राहून सेव्ह करायचे आणि कोणता कधी पुसायचा, हे ठरवलं नाही की तीन होम असूनही रोज पायपीट होते.

आधी टाइप करण्याबद्दल. या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. खेळात त्या इंग्रजी स्पेलिंगने, सगळी छोटी अक्षरं वापरून आणि शब्द जोडून टाइप करायच्या. म्हणजे 'सेट' आणि 'होम' यांच्यात जागा नाही, तिरप्या रेघेनंतरही नाही. मोबाईलवरून खेळत असाल तर कीबोर्ड स्वतःहून पहिलं अक्षर मोठं करतो, मध्येच जागा घालतो किंवा शब्दच बदलतो. त्यामुळे ऑटोकरेक्ट बंद ठेवलेलं बरं.

ही सोय येते कुठून

मूळ माइनक्राफ्टमध्ये /होम नावाची कमांड नाहीच. तिथे /टीपी (टेलिपोर्ट, म्हणजे क्षणात दुसरीकडे उडी) आहे, पण ती अ‍ॅडमिनच्या हातात असते. साध्या खेळाडूला आपली जागा सेव्ह करून तिथे उडी मारण्याची सोय प्लगिनमुळे, म्हणजे सर्व्हरवर टाकलेल्या जोड-प्रोग्राममुळे, मिळते. स्पिगॉट किंवा पेपर या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सर्व्हरवर हे काम बहुधा एसेन्शियल्सएक्स करतो. पुढचं सगळं त्याच प्लगिनला धरून आहे. तुमच्या सर्व्हरवर दुसरा प्लगिन असेल तर कमांडची नावं थोडी वेगळी निघतील, युक्त्या मात्र त्याच.

होम सेव्ह केलं की प्लगिन सहा गोष्टी लिहून ठेवतो: कोणतं जग, एक्स, वाय (उंची) आणि झेड हे जागेचे तीन आकडे, तुमचं तोंड कुठल्या दिशेला होतं आणि नजर किती वर किंवा खाली होती. शेवटच्या दोन गोष्टी कोणी लक्षात घेत नाही, आणि तिथेच छोटासा फायदा आहे. चेस्टकडे (सामानाच्या पेटीकडे) बघत होम सेव्ह केलंत, तर दरवेळी उतरल्यावर चेस्ट समोर असते. माइनमधून भरलेली बॅग घेऊन आलं की लगेच उजवं क्लिक, सामान आत. भिंतीकडे तोंड करून सेव्ह केलंत तर दरवेळी मान वळवा. दिवसाला पन्नास वेळा करायची गोष्ट असेल तर हे जाणवतं.

पहिली पायरी: आपल्याला किती होम आहेत ते बघा

एकापेक्षा जास्त होम असतील तर /होम्स टाइप केलं की त्यांची यादी येते. एकच होम असेल तर नुसतं /होम थेट तिथेच नेतं. जास्त असतील तर ते यादी दाखवतं आणि तुम्हाला नाव द्यावं लागतं: /होम खाण. मर्यादा किती हे सर्व्हरच्या नियमांत किंवा डिस्कॉर्डवर लिहिलेलं असतं. नाहीच सापडलं तर होम लावत जा, मर्यादा संपली की प्लगिन आकड्यासकट नकार देतो. एसेन्शियल्सएक्सच्या मूळ सेटिंगमध्ये साध्या खेळाडूच्या गटाला ३, व्हीआयपीला ५ आणि स्टाफला १० असे आकडे दिलेले आहेत. बरेच सर्व्हर ते तसेच ठेवतात, म्हणून इथे तीनच धरून चालू.

दुसरी पायरी: नावं

/सेटहोम खाण असं लिहिलं की तुम्ही उभे आहात ती जागा 'खाण' या नावाने सेव्ह होते. नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत, एकच शब्द, जमल्यास सहा अक्षरांच्या आत. देवनागरी नावांच्या भानगडीत पडू नये. नुसता आकडा नाव म्हणून चालत नाही. 'बेड' हे नावही प्लगिनने स्वतःसाठी राखून ठेवलं आहे, त्याच्याकडे येतोच.

होम पुसायचं असेल तर /डेलहोम आणि पुढे नाव. नाव बदलायचं असेल तर /रीनेमहोम, आधी जुनं नाव, मग नवं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते पुढच्या गोष्टीत. एकाच नावाने दुसऱ्यांदा /सेटहोम केलं की जुनी जागा न विचारता पुसली जाते. आधी खात्री करून घेण्याची सेटिंग आहे, पण ती सुरुवातीला बंद असते. आणि नाव न देता नुसतं /सेटहोम टाइप केलं तर प्लगिन ते 'होम' या नावानेच सेव्ह करतो. आता विचार करा: बहुतेक लोक पहिल्या दिवशी बेसवर (मुख्य घरात) उभं राहून नुसतं /सेटहोम करतात. पुढे कधीतरी गुहेत झोंबी मागे लागलेले असताना घाईत /होमऐवजी /सेटहोम जातं. मग बेस गेला हातातून. आकडे लिहून ठेवले नसतील तर तो शोधत फिरणं आलं.

फिरतं होम

म्हणून माझी पद्धत उलटी आहे, आणि या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. बेसला कधीही बिननावाचं होम देऊ नका. बेसला स्वतःचं नाव द्या, आणि बिननावाचा स्लॉट कायम फिरता ठेवा. म्हणजे जिथे काम चालू आहे तिथे नुसतं /सेटहोम मारायचं, काम संपलं की तिथलं विसरून जायचं, पुढच्या ठिकाणी परत मारायचं. जुनं आपोआप पुसलं जातं, डेलहोमची गरजच नाही. परत त्या जागी जायचं असेल तर /होम होम. ऐकायला गमतीशीर आहे, पण हाताला सवय होते.

यात दोन फायदे आहेत. घाईत चुकून /सेटहोम झालं तरी फिरतं होमच हलतं, बेसला धक्का नाही. आणि दूरच्या जंगलात बॅग भरली की तिथल्या तिथे /सेटहोम, मग बेसवर उडी, सामान ठेवा, /होम होम, पुन्हा कामाला. तिन्ही स्लॉट कायमच्या जागांना देऊन बसलेल्या माणसाला हे जमत नाही. तो अर्धं सामान जमिनीवर टाकून येतो.

बेड: फुकटचा चौथा स्लॉट

सर्व्हरने परवानगी दिली असेल तर /होम बेड टाइप केल्यावर तुम्ही शेवटचे झोपलात त्या बेडजवळ पोचता. हा तुमच्या तीनांत मोजला जात नाही. त्यामुळे बेड बेसवर असेल तर बेससाठी वेगळा स्लॉट घालवायची गरज नाही, निदान वरवर पाहता.

वरवर म्हणतोय, कारण बेड भरवशाचा नाही. मित्राच्या घरी गेलात, रात्र झाली, सगळ्यांनी झोपायचं म्हणून तिथल्या बेडवर क्लिक केलंत, की तुमचा बेड तिथला झाला. दिवसा नुसतं क्लिक केलं तरी जागा बदलते. बेड कोणी तोडला किंवा त्याच्या चारही बाजू ब्लॉकने बंद झाल्या तरी गेला. म्हणून बेसवर भारी सामान असेल तर बेसला नावाचं होम असू द्या आणि बेड दुसऱ्या कामाला लावा. मी तो माइनजवळ ठेवणं पसंत करतो: मेल्यावर तिथेच उठतो आणि पडलेल्या सामानाच्या जवळ असतो. नेदर आणि एंड या खेळातल्या दुसऱ्या दोन जगांत मात्र बेडवर क्लिक केलं की स्फोट होतो. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी प्रत्येक सर्व्हरवर आठवड्याला कोणीतरी उडतंच.

कोणत्या जागेला होम द्यायचं

होम आवडत्या जागेला द्यायचं नसतं. जिथे पोचायला वेळ जातो आणि जिथे वारंवार जावं लागतं, अशा जागेला द्यायचं. दोन्ही अटी हव्यात.

साधा हिशोब: धावत गेलं तर सेकंदाला साधारण साडेपाच ब्लॉक कापले जातात. ५०० ब्लॉक म्हणजे दीड मिनिट. बेसपासून एवढ्या अंतरावरच्या उसाच्या शेताला होम देणं ही उधळपट्टी. १,००० ब्लॉकला तीन मिनिटं लागतात, तिथून पुढे विचार सुरू करावा. पण त्याच्याही आधी नेदरचा रस्ता बघावा. नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ. १,६०० ब्लॉक दूर असलेलं गाव नेदरमधून २०० ब्लॉकवर येतं. दोन पोर्टल आणि दगडी बोगदा एकदा बांधला की ती जागा कायमची जवळ झाली, स्लॉट मोकळा. शिवाय हा रस्ता मित्रांनाही वापरता येतो. होम फक्त तुमचं.

स्ट्राँगहोल्डचं, म्हणजे एंडला नेणारं पोर्टल असलेल्या जमिनीखालच्या किल्ल्याचं, उदाहरण घ्या. जगाच्या मध्यापासून पहिल्या वर्तुळातले तीन स्ट्राँगहोल्ड साधारण १,२८० ते २,८१६ ब्लॉकवर असतात. वाट दाखवणारे एंडरचे डोळे फेकत फेकत तिथे पोचलात की एंड पोर्टलच्या खोलीत पहिलं काम: फिरतं होम लावा. मग बेसवर जाऊन धनुष्य, बाण, खाणं, जास्तीचं चिलखत घेऊन या. ड्रॅगन मेला, एलिट्रा (उडायचे पंख) मिळाली, की तिथे जवळच नेदर पोर्टल उभारा आणि होम हलवा. महिनोन्महिने एंड पोर्टलवर होम धरून बसण्यात अर्थ नाही.

एलिट्रा शोधतानाही तेच. एंडची बाहेरची बेटं मधल्या बेटापासून हजारेक ब्लॉकवर सुरू होतात. तिथे शहर सापडलं की फिरतं होम लावून लूट घरी टाकून येता येते. काही सर्व्हर एंडमध्ये होम लावू देत नाहीत, ते आधी तपासून घ्या, नाहीतर शून्यात पडून हात हलवत परत.

कायमच्या होमसाठी माझी पहिली पसंती फार्मला (माल मिळवायला बांधलेल्या जागेला), आणि तिथे उभं राहण्याची जागा फार महत्त्वाची. स्पॉनरची (राक्षस बाहेर टाकणाऱ्या पिंजऱ्याची) फार्म असेल तर खेळाडू स्पॉनरपासून १६ ब्लॉकच्या आत हवा, तरच मॉब (खेळातले राक्षस-प्राणी) येतात. होम त्या टप्प्यात, मॉब मारायच्या खिडकीसमोर लावा. अंधाऱ्या खोल्यांची मोठी मॉब फार्म असेल तर उलट आहे: खेळाडूपासून २४ ब्लॉकच्या आत मॉब जन्मतच नाहीत आणि १२८ च्या बाहेर टिकत नाहीत. अशा फार्मचं होम खाली गोळा होणाऱ्या चेस्टपाशी लावलं आणि वरच्या खोल्या १२८ च्या पलीकडे राहिल्या, तर तासभर थांबूनही चेस्ट रिकामी. होम लावण्याआधी दोन्ही ठिकाणचा वायचा आकडा बघून वजाबाकी करा. पीसीवर एफ३ दाबलं की आकडे दिसतात, बेडरॉकमध्ये (मोबाईल-कन्सोलवरच्या आवृत्तीत) जगाच्या सेटिंगमधून कोऑर्डिनेट दाखवायची सोय चालू असावी लागते.

हिऱ्यांच्या माइनबद्दल एक सावधगिरी. १.१८ या आवृत्तीपासून जग उणे ६४ पर्यंत खोल गेलं आणि हिरे सर्वांत जास्त मिळतात ते उणे ५९ च्या आसपास. पण उणे ५४ च्या खालच्या गुहा लाव्हाने भरलेल्या असतात. म्हणून होम अगदी तळाशी लावू नका. दहा-बारा ब्लॉक वर स्वतः खोदलेली बंद खोली करा, तिथे होम, तिथून जिना खाली.

उतरायची खोली

टेलिपोर्ट झाल्यावर पहिले दोन-तीन सेकंद तुम्ही आंधळे असता. आजूबाजूचे चंक (जगाचे तुकडे) अजून लोड होत असतात, मोबाईल डेटावर तर आणखी वेळ लागतो. तेवढ्यात अंगठा सरकला आणि शेजारी शिडीची विहीर असली, तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून प्रत्येक कायमच्या होमभोवती किमान ३ बाय ३ ची, तीन ब्लॉक उंच खोली बांधा. जमीन सलग, खड्डा नाही, ट्रॅपडोअर नाही. होम मधल्या ब्लॉकवर, कडेला नाही.

आत उजेड हवा. १.१८ पासून वरच्या जगात शत्रू मॉब ब्लॉकचा उजेड शून्य असेल तिथेच येतात, त्यामुळे एवढ्या खोलीला एक मशाल पुरते. दार लावा. स्फोट होणारा क्रीपर बाहेरून चालत येतो आणि तुम्ही स्क्रीन लोड व्हायची वाट बघत असता. नेदरमधली खोली कोबलस्टोनची करा, घास्ट या उडत्या राक्षसाच्या आगगोळ्याने तो फुटत नाही. नेदररॅक, म्हणजे नेदरचा साधा दगड, लगेच फुटतो.

होमच्या जागेवर नंतर काही ठेवलं गेलं तर प्लगिन सहसा जवळची सुरक्षित जागा शोधून तिथे उतरवतो. त्यामुळे कधी /होम केल्यावर घराच्या छपरावर उतरलात, तर समजा की खाली त्या जागेवर कोणीतरी ब्लॉक ठेवलाय. तुम्ही ठेवला नसेल तर खाली जाताना जपून.

थांबा, हलू नका

बरेच सर्व्हर टेलिपोर्टला तीन ते पाच सेकंदांचा उशीर लावतात. त्या वेळात पाऊल हललं किंवा मार बसून तब्येत कमी झाली की टेलिपोर्ट रद्द. मान फिरवली तर चालतं. म्हणून झोंबी अंगाशी आल्यावर /होम टाइप करणं उपयोगाचं नाही. आधी दोन ब्लॉक समोर, दोन मागे, दोन्ही बाजूंना आणि एक डोक्यावर लावून स्वतःला कोंडा, मग कमांड द्या. हॉटबारमध्ये (हाताशी असलेल्या खालच्या खान्यांत) मातीचे वीस ब्लॉक यासाठीच ठेवायचे. कूलडाउन वेगळा: एकदा टेलिपोर्ट झाल्यावर पुन्हा किती वेळाने करता येईल ते तो ठरवतो. मोठा कूलडाउन असलेल्या सर्व्हरवर बेसवर जाऊन लगेच परत यायचा बेत आखताना तो मोजून घ्या.

बरोबर येतं ते अंगावरचं आणि बॅगेतलं सामान. घोडा, बोट, दोरीने बांधलेली गाय, बसवलेला कुत्रा हे सगळे मागेच राहतात.

मेलात तर पाच मिनिटांचा खेळ असतो: पडलेलं सामान चंक लोड असताना पाच मिनिटांत नाहीसं होतं. /बॅक ही कमांड मेल्याच्या जागी नेते, पण मरणानंतर ती वापरायला वेगळी परवानगी लागते. नसेल तर सर्वांत जवळचं होम गाठून धावा. लाव्हात मेला असाल तर धावू नका, चहा प्या.

दुसऱ्यांची होम, दुसऱ्यांची जागा

तुमची होम इतर खेळाडूंना दिसत नाहीत. स्टाफला परवानगी असेल तर दिसतात. /टीपीए पाठवलं की तुम्ही समोरच्याकडे जाता, /टीपीएहिअर आलं तर तुम्हाला त्याच्याकडे ओढायची ती विनंती असते. अनोळखी माणसाचं /टीपीएहिअर कधीही स्वीकारू नका. तिकडे खड्डा आणि तलवार तयार असते, निदान मारामारी चालणाऱ्या सर्व्हरवर.

मित्राच्या बेसमध्ये काम असेल तर फिरतं होम लावायला हरकत नाही, पण विचारून. बोलणं बिघडलं आणि तुमचं होम त्याच्या तिजोरीच्या खोलीत राहिलं, तर पुढची चोरी तुमच्यावर येणार. स्वतःची होमची खोली ग्रीफप्रिव्हेन्शन हा जागा राखून ठेवणारा प्लगिन असेल तर सोन्याच्या फावड्याने दोन कोपरे मारून क्लेममध्ये घ्या. नाहीतर उतरायच्या जागेखाली कोणी लाव्हा ओतला तर दाद मागायला जागा नाही.

सर्व्हर तुमचाच असेल तर

भावंडांसाठी छोटा सर्व्हर चालवत असाल तर प्लगिनच्या फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सेटहोम-मल्टिपल' शोधा. त्याखाली गटांची नावं आणि आकडे आहेत. 'डिफॉल्ट' हा आकडा सगळ्यांना लागू होतो, पण जास्त होमसाठी खेळाडूंना तशी परवानगीही द्यावी लागते, नुसता आकडा वाढवून भागत नाही. फाइलमध्ये टॅब वापरू नका, जागाच सोडा. एक टॅब आला तरी फाइल वाचली जात नाही. मग /एसेन्शियल्स रीलोड. /स्पॉन चालत नाही अशी तक्रार आली तर एसेन्शियल्सएक्स स्पॉन ही वेगळी जार फाइल टाकलीय का ते बघा, मूळ फाइलमध्ये ती कमांड नसते. दहा जणांच्या सर्व्हरवर तीन होम पुरेसे असतात असं माझं मत. दहा दिले की कोणी रस्ते बांधत नाही.

रिसोर्स वर्ल्ड, म्हणजे लाकूड आणि दगड काढण्यासाठी ठेवलेलं जग, सर्व्हर मधूनमधून नव्याने बनवतो. तुमच्या होमचे आकडे तेच राहतात, त्या आकड्यांवरचं जग मात्र वेगळं असतं: काल गुहा होती तिथे आज समुद्र. म्हणून त्या जगात कायमचं होम लावू नका, फिरतंच वापरा, आणि रीसेटची घोषणा झाली की त्या रात्री तिथली चेस्ट रिकामी करून फिरतं होम बेसच्या अंगणात हलवून ठेवा.